समुद्रावरच्या पाच रेघा

गेल्या महिन्यात शेजारच्या मळ्यात उसावर औषध फवारणारा ड्रोन शेवग्याच्या झाडात अडकला आणि मला बोलावणं आलं. मी नौदलातून निवृत्त झालेला लढाऊ वैमानिक. कडेगाव तालुक्यात आमचा मळा आहे, आता तिथंच असतो. शेजारचे दादासाहेब झाडाखाली कमरेवर हात ठेवून उभे होते.

"आवं कमांडर, तुमी पायलट हाय न्हवं? मग काढा की ह्येला खाली."

"दादासाहेब, मी विमानं उडवली. झाडावरनं काढली न्हाईत कवा."

"ते बी खरंच," ते म्हणाले, आणि थोडा विचार करून, "पर तुमी तर नेव्हीत हुता. बोटीवर. मग इमान कुठनं आलं मधीच?"

हा प्रश्न मला गेली तीस वर्षं कोणी ना कोणी विचारतोच. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारला होता. मिरजेला दाढ काढताना डॉक्टरांनी विचारला आणि माझं तोंड उघडं असल्यामुळे उत्तराची वाट न बघता स्वतःच दिलं. तेव्हा आधी एवढं सांगून टाकतो. नौदलाकडं विमानवाहू जहाज असतं. जहाजाच्या पाठीवर धावपट्टी, आणि पोटात विमानं. उडताना फार कसब लागत नाही. पुढचं टोक घसरगुंडी उलटी लावल्यासारखं वर उचललेलं असतं, इंजिन पूर्ण जोरात टाकायचं, जहाज तुम्हाला वर भिरकावून देतं. कसब लागतं ते उतरताना. विमानाच्या शेपटीखाली एक पोलादी आकडा असतो आणि जहाजाच्या पाठीवर आडवे ताणलेले तीन जाड दोर. आकडा त्यातल्या एका दोरात अडकला पाहिजे. अडकला, की ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगानं आलेलं विमान दोन-तीन सेकंदांत जागच्या जागी उभं राहतं आणि तुमचे डोळे खोबणीतून बाहेर येऊन परत आत जातात. नाही अडकला, तर पुढं समुद्र. म्हणून चाकं टेकली रे टेकली, की वैमानिक इंजिन बंद करायच्या ऐवजी पूर्ण जोरात टाकतो. आकडा चुकलाच तर पुन्हा उडून जाता यावं म्हणून. थांबायचं असताना पळायची तयारी ठेवायची, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा.

दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "किती पाडली?"

खरं उत्तर आहे, एकही नाही. माझ्या सगळ्या नोकरीत खऱ्या शत्रूवर एक गोळी झाडायची वेळ आली नाही. हा अभिमान म्हणावा की खंत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण सरावात हवाई लढाया खूप केल्या, आणि त्या लुटुपुटूच्या म्हणून सोप्या असतात असं कोणी समजू नये. गोळी सोडून त्यांत सगळं खरं असतं. वेग खरा, उंची खरी, खालचा समुद्र खरा. नेम लागला की नाही हे यंत्रं नोंदवतात, नियंत्रक रेडिओवर सांगतो, "अमुक मेला." मेलेल्यानं पंख हलवून मान्य करायचं आणि मैदान सोडायचं. ठरलेल्या ठिकाणी जाऊन काही मिनिटं घिरट्या घालायच्या, की त्याला नवीन जन्म मिळतो आणि तो पुन्हा शत्रू म्हणून येऊ शकतो.

आमचे वडील, नाना, पायदळात हवालदार होते. माझ्या नोकरीचं त्यांना कौतुक होतं, पण ते आतल्या खिशातलं. बाहेर म्हणायचे, "पायानं चालतो त्यो शिपाई. तुमी आपलं वरच्या वर." मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "वरनं जाताना खाली बी बघत जा रं. खाली माणसं असत्यात." मी हसलो होतो. पण सवय लागली.

आता ती सकाळ सांगतो.

अंदमानच्या बाजूला एका बेटावर मोठा सराव होता. समुद्रातून किनाऱ्यावर फौज उतरवायची. जमिनीवरचा जवान संकट आलं तर खड्ड्यात पडतो, झाडामागं जातो. पण मोठ्या जहाजातून छोट्या बोटीत बसून किनाऱ्याकडं निघालेल्या जवानाला आडोसाच नसतो. पाठीवर ओझं, हातात बंदूक, पोटात मळमळ आणि चोहीकडं पाणी. त्या अर्ध्या तासात शत्रूचं एक विमान जरी वर आलं तरी सगळं संपलं. ते विमान येऊ न देणं हे आमचं काम. आम्ही दोन विमानांनी किनाऱ्यापासून दूर, शत्रू येईल त्या दिशेला, वीस हजार फुटांवर घिरट्या घालत राहायचं. ह्या घिरट्यांच्या जागेला आम्ही ठाणं म्हणायचो. काम चांगलं झालं तर खालच्या जवानाला आम्ही दिसतही नाही. तो परत जाऊन सांगतो, "विमानं आलीच नव्हती."

माझ्या जोडीला कुरियन होता, केरळचा. बोलायला कमी आणि उडवायला पक्का. समोर शत्रू म्हणून हवाई दलाची विमानं येणार होती, आणि त्यांच्यात शेखर निकम होता. हा शेखर साताऱ्याचा. शाळेच्या वसतिगृहात आम्ही सहा वर्षं एका खोलीत काढली. तो माझ्या घरून आलेलं भडंग मी झोपल्यावर खायचा आणि सकाळी उंदीर झालेत म्हणून रेक्टरकडं तक्रारही तोच करायचा. पुढं तो हवाई दलात गेला, मी नौदलात. सरावाच्या आधी त्याचा फोन आला.

"गड्या, ऐक. तुला पाडला तर सांगलीचं भडंग. पाच किलो. मला पाडलास तर कंदी पेढे."

"पेढे आत्ताच बांधून ठेव. नंतर गर्दी असते दुकानात."

सकाळी सूर्य वर आल्यावर आम्ही जहाजावरून उडालो. आभाळात तुटक ढग, खाली निळं पाणी, आणि पूर्वेकडून पावसाची एक करडी भिंत हळूहळू बेटाकडं सरकत होती. फौज घेऊन आलेलं मोठं जहाज किनाऱ्यापासून काही मैलांवर उभं होतं. ठाण्यावर पोचलो तेव्हा त्याच्या पोटातून बोटी बाहेर पडताना दिसल्या. एवढ्या उंचीवरून बोट दिसत नाही. दिसते ती तिच्या मागं उठणारी फेसाची रेघ. पाटीवर खडूनं ओढावी तशी. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच रेघा किनाऱ्याच्या दिशेनं वाढत चालल्या होत्या.

तेवढ्यात नियंत्रकाचा आवाज आला. "दोन विमानं, पाण्यालगत, तुमच्याकडं."

रडारवर दोन ठिपके आले. समोरासमोर येणाऱ्या दोन लढाऊ विमानांचा वेग एकमेकांत मिळवला, तर मिरज ते सांगली अठरा-वीस सेकंदांत होतं. विचार करायला तेवढाच वेळ. कुरियननं डावा घेतला, मी उजवा. आम्ही एकमेकांच्या बाजूनं सूं करून निघून गेलो आणि दोघांनीही विमान वळवलं. इथून पुढची लढाई म्हणजे दुसऱ्याच्या शेपटीमागं जायची धडपड. जो आधी तोंड वळवेल तो जिंकला. पण वळण जेवढं आवळाल तेवढं अंगावर वजन येतं. डोक्यावर कोणी युरियाचं पोतं आणून ठेवल्यासारखं होतं, गाल खाली ओघळतात, नजरेच्या कडा काळ्या पडतात. पोट आणि मांड्या आवळून, दात खाऊन, हुंकार देत श्वास घ्यायचा, नाही तर शुद्ध जाते. आणि हे सगळं करत असताना मान मागं वळवून समोरच्याला नजरेतून सुटू द्यायचं नाही.

तो चांगलाच होता. दोनदा मला वाटलं, मी गेलो. मग त्यानं ढगाच्या कडेनं वर उसळी घेतली, आणि मला तो एकदम ओळखीचा वाटला. वसतिगृहात कबड्डी खेळताना शेखर असाच, पकडला जातोय म्हटल्यावर उंच उडी मारायचा, आणि खाली येताना त्याचा वेग संपलेला असायचा. मी वर गेलोच नाही. खाली थांबलो, वाट बघितली. तो शिखरावर पोचून मंदावला, नाक खाली पडलं, आणि बरोबर माझ्या समोर आला. नेम बसला. नियंत्रकानं जाहीर केलं, "एक मेला."

सरावात दोन्ही बाजूंना ऐकू जाणारी एक सामायिक रेडिओवाहिनी असते, फक्त सुरक्षेसाठी. तिच्यावर एक मोठा उसासा ऐकू आला आणि मागोमाग शुद्ध सातारी.

"मेलो की रं!"

नियंत्रक तमिळ होता. गोंधळून त्यानं विचारलं, "कोण बोलतंय? पुन्हा सांगा. इंग्रजीत सांगा."

मी मास्कच्या आत इतका हसलो की काचेवर वाफ धरली. शेखरनं पंख हलवले आणि नवा जन्म घ्यायला निघून गेला. कुरियनचा प्रतिस्पर्धीही मागं पळाला होता. आम्ही पुन्हा ठाण्यावर आलो. त्या क्षणी मला माझ्या नोकरीचा जेवढा आनंद झाला तेवढा पगारवाढीनं कधी झाला नाही.

आणि मग मी सवयीनं खाली बघितलं.

चार रेघा किनाऱ्याला टेकल्या होत्या. पाचवी मध्येच तुटली होती. नुसती थांबली नव्हती. तिचं टोक वाकडं होऊन उत्तरेला वळलं होतं, जिथं बेटाचं नाक समुद्रात घुसलेलं होतं आणि काळ्या खडकांवर पाणी फुटत होतं. पावसाची भिंत बरोबर त्या वेळी मोठं जहाज आणि ती बोट यांच्यामध्ये आली होती. म्हणजे जहाजावरून कोणाला ती दिसत नसणार.

मी नियंत्रकाला विचारलं, "पाचवी बोट कुठं आहे?"

"चार पोचल्या. पाचवी वाटेवर आहे."

"ती वाटेवर नाही. खडकाकडं चाललीय."

त्यानं नोंद तपासली. मग, "बोटीकडून काही तक्रार नाही. तुम्ही ठाणं सोडू नका. शत्रूची दोन विमानं पुन्हा येत आहेत."

तक्रार नव्हती, कारण बोटीचा रेडिओ भिजून बंद पडला होता. पण हे मला नंतर कळलं. सरावात खरं संकट आलं तर उच्चारायचा एक ठरलेला शब्द असतो. तो म्हटला की सगळा खेळ थांबतो, जहाजं, विमानं, हजारो माणसं, सगळं. तो शब्द माझ्या ओठांवर होता. पण मी बघितलं काय होतं? वीस हजार फुटांवरून एक वाकडी रेघ. नाविकानं मुद्दाम वळण घेतलं असेल तर? खात्री करायची तर खाली जायला हवं. खाली गेलो तर कुरियन एकटा, समोर दोघं, त्यातला एक पुन्हा जन्मलेला आणि चिडलेला.

मी कुरियनला म्हणालो, "मी खाली जातोय. तू सांभाळ."

तो म्हणाला, "सर?" त्या एका शब्दात सगळं होतं. मग म्हणाला, "जा."

मी नाक खाली घातलं. पावसाच्या कडेनं, खडकांना वळसा घालून पाण्यापासून तीनशे फुटांवर आलो, आणि बोट दिसली. ती लाटांना आडवी झाली होती. प्रत्येक लाट एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर जात होती. जवान हेल्मेटनं पाणी उपसत होते. एक जण मागं इंजिनावर वाकला होता. खडक तीन-चारशे मीटरवर होते.

मी तो शब्द उच्चारला. एकदा नाही, तीनदा.

नियंत्रकाचा आवाज बदलला. सगळ्यांना थांबण्याचा हुकूम गेला. पण मी खाली उतरायला लागल्यापासून तो शब्द उच्चारेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली होती, आणि तेवढ्यात शेखर आणि त्याच्या जोडीदारानं कुरियनला कागदोपत्री ठार करून, मोकळ्या वाटेनं येऊन, फौजेचं मोठं जहाज कागदोपत्री बुडवलं होतं. तीनशे माणसांसकट, पाचव्या बोटीतले जवानही त्यांतच धरून.

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. हेलिकॉप्टर निघालं होतं, पण पावसात त्याला बोट सापडेना. एक बचावबोटही सुटली होती, तिलाही समोरचं दिसत नव्हतं. मी त्या बोटीवर घिरट्या घालायला लागलो. चाकं खाली सोडली, सगळे दिवे लावले, जमेल तेवढा हळू झालो आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला सांगत राहिलो, "माझे दिवे जिथं फिरतात, त्याच्या मधोमध खाली बोट आहे." लढाऊ विमानाला हळू उडायला आवडत नाही. ते थरथरतं, कुरकुरतं, आणि पाण्याजवळच्या जड हवेत इंधन असं पितं की काटा खाली येताना डोळ्यांनी दिसतो. माझी परत जायची वेळ झाली तेव्हा हेलिकॉप्टर अजून आलं नव्हतं. आणखी दोन फेऱ्या, असं मी स्वतःला सांगितलं. चार झाल्या. पाचव्या फेरीला पावसातून हेलिकॉप्टरचं पोट दिसलं आणि त्याच्या मागं बचावबोट. बोटीवरून दोर फेकलेला मी बघितला. खेचायला सुरुवात झाल्याचंही बघितलं. मग वर चढलो.

बेटावरची धावपट्टी पावसामुळं बंद होती. जहाजच गाठायचं होतं. इंधन दोन प्रयत्नांपुरतं होतं. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी विमानात नसतो, पॅराशूटनं समुद्रात असतो.

पहिल्या प्रयत्नात चाकं बरोबर टेकली, मी इंजिन जोरात टाकलं, आणि विमान थांबलंच नाही. आकडा दोरावरून उडी मारून गेला होता. जहाजाची पाठ संपली, खाली एकदम पाणी आलं आणि मी पुन्हा हवेत होतो. त्या एका फेरीत मला जे काही आठवलं ते उदात्त नव्हतं. आदल्या दिवशी मी बुटांचं पॉलिश सहकाऱ्याकडून मागून आणलं होतं, ते परत द्यायचं राहिलं, एवढंच आठवत राहिलं.

दुसऱ्या वेळी उतरायला मदत करणारा अधिकारी रेडिओवर अगदी शांतपणे बोलत होता. भात शिजलाय का बघावं इतक्या शांतपणे. "थोडं वर. छान. तसंच. तसंच या." चाकं टेकली, अंग पट्ट्यांवर आदळलं, डोळे बाहेर येऊन आत गेले. थांबलो होतो. शिडी लावणाऱ्या नाविकानं काच उघडून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "सर, ठीक?" मी म्हणालो, "बोट?" तो म्हणाला, "सगळे सुखरूप, सर. आत्ताच सांगितलं." मग मला उतरता येईना. पाय शिडीकडं सोडला आणि पायरीच सापडेना. त्या नाविकानं काही न दिसल्यासारखं करून माझा घोटा घट्ट धरून ठेवला. चांगला माणूस.

तीन दिवसांनी बंदरावरच्या सभागृहात सगळ्यांची झाडाझडती झाली. मोठे अधिकारी पंच होते. पडद्यावर नकाशा लावून त्यांनी सांगितलं, की ठाणं सोडल्यामुळं शत्रू आत शिरला, जहाज बुडालं, फौज बुडाली, सराव आमची बाजू हरली. मला उभं राहावं लागलं. त्यांनी मला दोन कागद दिले. एक ठाणं सोडल्याबद्दल समज देणारा, आणि एक प्राण वाचवल्याबद्दल शाबासकीचा. दोन्ही एकाच लिफाफ्यात. "जपून ठेवा," ते म्हणाले. "दोन्ही खरे आहेत." ते दोन्ही अजून माझ्याकडं आहेत. कुरियनला मी एकटं टाकलं ह्याची चुटपुटही आहे. तो स्वतः मात्र एवढंच म्हणाला, "सर, पुढच्या वेळी जाताना एका तरी सातारकराला बरोबर घेऊन जा."

बाहेर शेखर उभा होता. त्यानं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "तुझी पाठ फिरली म्हणून जहाज बुडवलं गड्या, न्हाई तर कुठलं जमतंय." आम्ही दोघंही एकेकदा जिंकलो होतो, तेव्हा मी त्याला भडंग पाठवलं आणि त्यानं मला पेढे. त्याच्या घरचे म्हणतात भडंग पोचलं तेव्हा पाचाचं चार किलो होतं. वाटेत उंदीर झाले असतील.

आम्ही बोलत असताना मागं कोणीतरी टाचा जुळवल्या. पायदळाचा सुभेदार होता. काळाभोर, रुंद, मिशीला पीळ. सलाम ठोकून म्हणाला, "सायेब, सुभेदार खोत. पाचव्या बोटीत मीच हुतो."

त्याची बोली ऐकून मी विचारलं, "गाव कुठलं?"

"शिराळा तालुका, सायेब. आपलं?"

"कडेगाव."

"तरीच!" तो म्हणाला. तरीच म्हणजे काय, हे त्यानं सांगितलं नाही. मग हसत म्हणाला, "आत काय म्हनले साहेब लोक? आमी बुडालो म्हनं?"

"हो. तीनशे जण."

"मग आसं झालं म्हना की. कागदावर मेलो, पान्यात वाचलो. ह्येच्या उलटं झालं आसतं तर आमच्या घरच्यांस्नी लय अवघड गेलं आसतं."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याचे तळवे पाणी उपसून फाटले होते.

पुढं आमचा संबंध राहिला नाही. नोकरीत असंच असतं, माणसं भेटतात आणि बदल्या होतात. मी निवृत्त होऊन मळ्यात आलो. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी फोन वाजला. "सायेब, खोत. वळख हाय का?" खोतही निवृत्त होऊन गावी आला होता. त्याच्या बोटीतले बरेचसे जवान सातारा-सांगलीकडचेच. आता कोणी शेतीत, कोणी बँकेच्या दारावर, दोघं-तिघं अजून नोकरीत. त्यांना त्यानं व्हॉट्सअॅपवर गोळा केलं होतं आणि आपल्या वारणेकाठच्या शेतात जेवायला बोलावलं होतं. "समदी हाय, आन् तुमीच न्हाई, हे काय बरं दिसंना."

मी गेलो. नदीच्या कडेला करंजाच्या सावलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. मोठ्या पातेल्यात मटण शिजत होतं. खोतांच्या आई, नव्वदीच्या आसपासच्या, बाजेवर बसून कोणाच्या भाकरीला पापुद्रा आला नाही ते तिथूनच सांगत होत्या. गडी जमले आणि बघता बघता त्या सकाळच्या गोष्टी सुरू झाल्या. प्रत्येकाची वेगळी. एक म्हणाला, विमान इतकं खाली आलं की त्याच्या वाऱ्यानं माझी टोपी गेली. दुसरा म्हणाला, पंख पाण्याला लागला, मी डोळ्यांनी बघितला. तिसऱ्यानं तर माझी मिशी बघितली होती. मी सांगून बघितलं, की मी हेल्मेट आणि मास्क घातला होता आणि मला मिशी कधीच नव्हती. "आवं सायेब, आमी बघितली न्हवं," तो ठामपणे म्हणाला. मग मी नाद सोडला.

जेवणं झाल्यावर खोत म्हणाला, "आमचं समदं ऐकलंत. आता तुमी सांगा. वरनं आमी कसं दिसत हुतो?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "खरं सांगू? मी तुमची डोकी मोजत होतो. प्रत्येक फेरीला. हेलिकॉप्टरला सांगायला हवं होतं ना, किती जण आहेत ते. पण विमान पळतंय, बोट हलतेय, तुम्ही वाकताय, उठताय. पहिल्यांदा चोवीस आले. दुसऱ्यांदा सत्तावीस. तिसऱ्यांदा एकोणीस आले. वाटलं, आठ जण गेले. म्हणून परत आलो. परत मोजले. शेवटपर्यंत एकदाही आकडा जुळला नाही."

"एकतीस हुतो आमी," खोत म्हणाला.

खोतानं मिशीवरून हात फिरवला. आणि एकदम उठून, जुन्या परेडच्या आवाजात ओरडला, "उठा रं! चला, लायनीत हुबं ऱ्हावा!"

गडी हसत, कुरकुरत, पोटावर हात फिरवत उठले. कोणाचे केस पांढरे, कोणाची पोटं सुटलेली, एकाच्या कडेवर नात. पण उभे राहिले ते सरळ रेषेत, टाचा जुळवून, नदीकडं पाठ करून.

"घ्या सायेब," खोत रांगेच्या पहिल्या टोकाला जाऊन म्हणाला. "आता कोन हालत न्हाई. मोजा. एकवीस आलोय बगा, बाकीचं कोन नोकरीवर, कोन लांब गावाला, समदं ठीक हायत."

मी पहिल्याच्या खांद्यावर हात ठेवला. एक. दोन. तीन. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत, सावकाश, रांगेच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो.

"बावीस," मी म्हणालो.

"एकवीस, सायेब."

"बावीस आले."

"हितं बी चुकला?" कोणीतरी म्हणालं आणि सगळी रांग खदखदायला लागली.

मी पुन्हा शेवटाकडं बघितलं. माझी मिशी बघितलेल्या त्या गड्याच्या पलीकडं, त्याच्या कमरेइतक्या उंचीच्या, पदर खोचून, हात शरीराला चिकटवून, खोतांच्या आई उभ्या होत्या.

"आये, तू कशाला?" खोत म्हणाला.

"गप रं," म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडं मान वर करून बघितलं. "मोजा की. माजं बी एक हुतंच त्या बोटीत."